लाल काठाची हॅट

"बाई, हे जेन्ट्स हाये," दुकानदार चौथ्यांदा म्हणाला.

"ऊन जेन्ट्स हाये का लेडीज, ते सांग आधी," असं म्हणून अंजनाबाईंनी पाचवी हॅट डोक्यावर चढवली.

चंद्रपूरच्या गोल बाजारातलं दुकान, साल शहाऐंशी, एप्रिलचा शेवटचा आठवडा. दाराशी, दुकानाकडे पाठ करून उभे होते ते बापूराव, अंजनाबाईंचे यजमान. ते माजरीच्या कोळसा खाणीत फिटर होते आणि रस्त्यावरून खाणीतलं कोणी जातंय का यावर डोळा ठेवून होते. बायको साहेबाची हॅट घालून आरशात बघते आहे ही बातमी पहिल्या पाळीला कळली असती, तर तिसऱ्या पाळीपर्यंत त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

हौस म्हणून कोणी हॅट घेत नाही, निदान अंजनाबाई रामटेके तरी नाही. एटापल्लीच्या पलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. जंगलातले अकरा टोले, म्हणजे पाडे, त्यांच्याकडे, आणि अकराही पायी. तेरा वर्षांच्या असताना बापासोबत छप्पन सालच्या धम्मदीक्षेला नागपूरला गेल्या, त्यात निम्मी वाट चालून काढली होती. तेव्हापासून चालणं त्यांच्या अंगात मुरलं ते मुरलंच. गेल्या मे महिन्यात मात्र नाल्याच्या काठी भोवळ येऊन पडल्या. लाकडं तोडणाऱ्यांनी खाटेवर घालून आणलं. नाशिककडून नवीन आलेल्या तरुण डॉक्टरांनी सलाईन लावली आणि सलाईन संपायच्या आत निकालही देऊन टाकला. "पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चक्कर आली, की फिरती बंद. केंद्रात टेबलावर बसायचं."

दुसरी एखादी असती तर पेढे वाटले असते. अंजनाबाईंना रात्रभर झोप लागली नाही. टेबलावर बसून आपण काय करायचं, हे त्यांना खरंच सुचेना.

बाकीचे उपाय करून झाले होते. छत्रीनं एक हात अडकतो आणि बांबूच्या बेटात तिच्या चिंध्या होतात. ओला पदर पुढच्या मोहाच्या झाडापर्यंत वाळून जातो. बापूरावांनी प्रेमानं खाणीतलं हेल्मेट पाठवलं, त्यात डोकं चुलीवरच्या गंजातल्या भातासारखं शिजलं. उरली हॅट.

निवड त्यांनी बाळंतिणीची तपासणी करावी तशी केली. गवताची, फूल लावलेली: "हे तं बकरी खाईन." क्रिकेटवाल्यांची: "नाकाले सावली, मानेले काईच नाई." नायलॉनची: "हवा कुठून जाईन इच्यात?" शेवटी एक जाड कापडाची निघाली. चारी बाजूंनी चार बोटं काठ, वर वाऱ्यासाठी भोकं, हनुवटीखाली पट्टा. अंबाडा आड येत होता. तो त्यांनी तिथंच सोडून मानेवर खाली बांधला. मग नाल्याचं पाणी प्यायला वाकावं तशा भर दुकानात वाकल्या. हॅट हलली नाही.

"खाकी काऊन?" बापूराव पाठमोरेच म्हणाले. "पांढरी घे ना. तुले शोभते."

"पांढरी मळते. मी काय वरातीत जाऊन राह्यली?"

इथं चूक झाली. पण ती चंद्रपुरात कोणाच्या लक्षात येणार?

मेच्या सुरुवातीला अंजनाबाई खांद्याला लशीचा डबा आणि डोक्यावर हॅट घालून कोसमटोल्याला निघाल्या. तीन कोस वाट. डब्यातला बर्फ दोनपर्यंत टिकणार, म्हणजे त्याआधी अठरा पोरांना टोचणं आलं. ऊन रणरणत होतं, पण कपाळ थंड, मान थंड, डोळ्यांवर सावली. शेवटच्या चढावर त्या चक्क गाणं गुणगुणल्या.

टोल्यात शिरल्या तर चिटपाखरू नाही. चुली पेटलेल्या, एका चुलीवर आंबील खदखदतेय, खाटेवर अर्धं विणलेलं जाळं. कोंबड्या तेवढ्या फिरत होत्या. एका ओसरीवर सोमारी नावाची म्हातारी बसली होती, तीही गुडघे धरल्यामुळे पळता आलं नाही म्हणून.

"साहेब," ती हात जोडून म्हणाली, "माह्या घरी बल्ली नाई. एकबी नाई. पत्रूच्या घरी पाहा."

अंजनाबाईंच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. या भागात खाकी हॅट घालून येणारा माणूस एकच, जंगलाचा साहेब. तो येतो ते घरांना लावलेल्या बल्ल्या, म्हणजे जंगलातून तोडलेले वासे, मोजून दंड करायला. टेकडीवरून हॅट दिसली आणि अख्खा टोला पोरंबाळं घेऊन रानात पसार झाला होता.

"अवो सोमारीबाई, मी होय!" त्यांनी हॅट काढली. "सुईवाली!"

म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. दात दोनच होते, तेही हलायला लागले.

"लोकायले बलाव ना. माहा बर्फ पानी होऊन राह्यला."

सोमारीनं हाक मारली, अंजनाबाईंनी मारली. झाडांमागं हालचाल झाली, पण कोणी पुढं येईना. साहेबानं नर्सला पुढं घातलं असेल, अशी शंका. वाजले होते बारा. अंजनाबाईंचा जीव टांगणीला लागला. अठरा पोरं, आणि डब्याला हात लावला तर गारवा उतरायला लागलेला. पुढचा बर्फ महिन्यानं.

त्यांनी काय केलं, तर हॅट सोमारीच्या डोक्यावर ठेवली आणि पट्टा हनुवटीखाली आवळला. म्हातारीला धरून अंगणाच्या मध्यावर उभं केलं.

सोमारीला काही शिकवावं लागलं नाही. तिनं छाती काढली, काठी बगलेत धरली आणि आपल्या माडिया बोलीत अशी काही गर्जना केली की कोंबड्या उडाल्या. "तुमचा साहेब मी होय! या, बल्ल्या दाखवा!"

एका झाडामागून कोणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. मग सगळं रानच हसायला लागलं, आणि पोरं, बाया, पत्रू, त्याचा भाऊ लच्छू, सगळे पोट धरून खाली आले. अठराच्या अठरा पोरं टोचून झाली. सुई टोचली की हॅट डोक्यावर, दहा आकडे मोजेपर्यंत. हॅट पार नाकापर्यंत यायची आणि आतलं रडं आतच थांबायचं. अठरावं टोचून झालं तेव्हा डब्यात बोटभर बर्फ शिल्लक होता.

"पन हे असं नाई चालत, बाई," आंबीलची वाटी हातात देत पत्रू म्हणाला. "दर खेपेले आमी पळाव का? आन् तू टोपी काढली तं मागच्या सालासारखी पडशीन."

टोल्यानं यावर विचार केला. शेवटी पत्रूच्या बायकोनं, बुधरीनं, जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून आणला आणि हॅटला गोल शिवून टाकला. मागं शेपटासारखा हातभर सोडला. असा साहेब कोणत्याच खात्यात नव्हता. निरोप टोल्याटोल्यानं गेला: लाल शेपटाची टोपी म्हणजे सुईवाली बाई, पळू नका. आठ-पंधरा दिवसांत असं झालं की शेपूट टेकडीवर दिसलं की बाया पोरांची तोंडं धुवायला घेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "मी येतो तुमच्याबरोबर. तुम्हाला कितपत झेपतं ते मला बघायचंय."

पाऊस अजून लांब होता आणि ऊन मे महिन्याहून वाईट. डॉक्टरांनी रुमालाला चार गाठी मारून तो डोक्यावर घातला. दुसऱ्या कोसाला त्यांचा चेहरा लाल झाला, बोलणं बंद झालं, आणि नाल्याशी ते दगडावर बसले ते उठेनात. अंजनाबाईंनी नाडी पाहिली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मग हनुवटीखालचा पट्टा सोडला.

सोडताना त्यांचा हात थांबला, हे कबूल केलं पाहिजे. अजून कोसभर वाट होती. हॅटशिवाय आपण पडलो तर तीही डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत. म्हणजे टेबल पक्कं.

"मला नको, तुम्हीच घाला," डॉक्टर पुटपुटले.

"मुकाट्यानं घाला, साहेब. आता पेशंट तुमी."

लाल शेपूट डॉक्टरांच्या पाठीवर गेलं. अंजनाबाईंनी पदर नाल्यात बुडवून डोक्याला गुंडाळला आणि सावली ते सावली अशा चालायला लागल्या. पदर पाच मिनिटांत वाळला. चढावर एकदा डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं, झाडाला धरलं, वीस आकडे मोजले आणि पुढं निघाल्या. मनात मात्र घोकत होत्या, इथं नाही, आज नाही.

कोसमटोल्याच्या लोकांनी टेकडीवर शेपूट पाहिलं आणि बाया पोरं घेऊन धावत आल्या. जवळ येऊन त्यांनी हॅटखाली डोकावलं. खाली कोणी गोरा, मिशा फुटलेला अनोळखी माणूस. घोळका क्षणभर घुटमळला. मग त्याला वळसा घालून सगळ्या जणी मागून येणाऱ्या, वाळक्या पदरातल्या बाईकडे गेल्या. कोणी पाणी दिलं, कोणी खाट टाकली, बुधरीनं आपलं पोर मांडीवरच ठेवलं.

डॉक्टरांनी ते पाहिलं. मग खाटेशी आले.

"मघाशी थांबलात, ते खोकल्यामुळं नव्हतं."

अंजनाबाईंनी सुईत लस भरता भरता मान खाली घातली. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "नाई, साहेब."

"टोपी मी घेतली म्हणून."

अंजनाबाईंनी बुधरीच्या पोराचा दंड पुसायला घेतला. डॉक्टरांनी हॅट काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. स्वतः जमिनीवर उकिडवे बसले आणि लशीचा डबा मांडीवर घेतला.

"पुढच्या महिन्याची तारीख आत्ताच सांगून ठेवा यांना," ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही याल तेव्हा सगळे घरी असतील."

अंजनाबाईंनी तारीख सांगितली. आनंदाच्या भरात दोनदा सांगितली. पत्रूनं ती टोल्याला ओरडून सांगितली, आणि डॉक्टरांनी डब्याचं झाकण उघडून पुढची शिशी त्यांच्या हातात दिली.