मुकी चावी

मी संशयी आहे असं आमची लेक शेली म्हणते. म्हणू दे. तिकडे दूर कोक्विटलामला बसून बोलायला तिचं काय जातंय! जिचा एकुलता एक मुलगा चांगली नोकरी सोडून आजोबांचं बुलबुल तरंग काखोटीला मारतो आणि डकारच्या फुटपाथवर वाजवायला बसतो, त्या बाईने संशय नाही घ्यायचा तर काय टाळ्या वाजवायच्या?

माझा मुलगा एली. मॉन्ट्रियलला शिकला, फ्रेंच बोलायला लागला, तेच नडलं. मुलुख फिरत, रस्त्यावर वाजवत तो आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला डकारला जाऊन पोचला आणि तिथेच रमला. दर शुक्रवारी संध्याकाळी मी शब्बाथच्या, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवसाच्या, मेणबत्त्या लावायच्या आधी त्याचा फोन यायचा. तो हसत हसत सांगायचा आणि इकडे वॉनच्या घरात मी काडेपेटी हातात धरून त्याचा एकेक शब्द पारखायची.

ते बुलबुल तरंग माझ्या सासऱ्यांचं. लाकडी पेटी, आत तारा, वर टाइपरायटरसारख्या चाव्या. एका हाताने चावी दाबायची, दुसऱ्या हाताने तार छेडायची. सासरे नवगावचे, आमच्या बेने इस्राएल ज्यू लोकांत कीर्तनं करायचे. त्यांनी स्वतः रचलेलं योना संदेष्ट्याचं कीर्तन होतं, त्यात मासा योनाला गिळायला आ वासतो त्या ओळीवर एक चावी लागायची आणि नेमकी तीच चावी मुकी. दाबली की सूर नाही, नुसतं टक. सासऱ्यांनी ती कधी दुरुस्त केली नाही. त्यामुळे आमच्या घरात कोणीही ती चाल गुणगुणलं की त्या जागी जिभेने टक करायचं. पोरं तर समजायची की माशाने तोंड मिटलं. पुढे एलीने मॉन्ट्रियलला चावी नीट करून घेतली आणि रस्त्यावर तो चाल अख्खी वाजवायचा. पण भांडी घासताना, झोपेत कूस बदलताना स्वारी गुणगुणली की टक आलंच.

तर डकार. पहिल्यांदा बाजारात कोणीतरी त्याची पिशवी कापली आणि फोन गेला. तेव्हा शेजारी बसून तमा वाजवणारा, म्हणजे काखेत दाबून वाजवायचा छोटा ढोल वाजवणारा, मोदू नावाचा एकजण चोरामागे धावला आणि पिशवी घेऊन परत आला. पिशवी मिळाली, फोन नाही मिळाला. मी लगेच म्हटलं, बरा सापडला रे चोर त्याला! एली म्हणाला, "आई, प्लीज." त्या दिवसापासून एली मोदूच्या फोनवरून मला फोन करायला लागला. म्हणजे माझ्या मुलाचा आवाजसुद्धा आता त्या माणसाच्या खिशात.

मग साध्या कपड्यांतली दोन माणसं आली. आम्ही पोलीस म्हणाली, पण कागद काही दाखवले नाहीत. पेटी उघडायला लावली. आत तारा, वर चाव्या, हे काय यंत्र आहे म्हणून एलीला गाडीत कोंबायला लागली. मोदू गाडीच्या दाराला लोंबकळला आणि एका हाताने ढोल बडवत राहिला. गल्लीतले शिंपी, मासेवाल्या, पोरंटोरं, सगळे गाडीभोवती जमले. इतक्या डोळ्यांसमोर ती माणसं वरमली आणि एलीला सोडून निघून गेली. एलीच्या लेखी मोदू देवमाणूस. मला मात्र पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटलं. आपणच माणसं पाठवायची आणि आपणच सोडवायला यायचं! पुढे एली खोली सोडून मोदूच्याच घरी राहायला गेला, तेव्हा तर मी डोक्यात राखच घालून घेतली. मी सांगून पाहिलं, रडून पाहिलं. शेली म्हणाली, मॉम, रिलॅक्स.

नंतरच्या शुक्रवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही आला नाही. मी मोदूच्या नंबरवर फोन केले, तर लागतच नव्हते. मी घाबरले होते, दुसरं काय! ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना मध्येच थांबायची आणि खिशातला फोन काढून बघायची.

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी मी सुरमईचे तुकडे धूत होते, तेव्हा फोन वाजला. नंबर मोदूचा. ओल्या हाताने उचलला तर एलीचा आवाज नव्हता. मोडक्या इंग्रजीत तो माणूस म्हणाला की फोन बिघडला होता, आत्ता नीट झाला, एलीला खूप ताप आहे, छातीत कफ भरलाय, शुद्ध येते आणि जाते, मी त्याला दवाखान्यात आणलंय. मग म्हणाला, "तो एक औषध नको म्हणतो. नाव सांगता येत नाही. आईला विचार म्हणतो. डॉक्टर विचारतात, कुठलं?"

औषध मला ठाऊक होतं. एली लहान असताना सल्फाची गोळी दिली होती, तर घसा असा सुजला की पोरगं हातचं गेलंच असतं. पण ते ओठावर येईतो दुसरंच आठवलं. जवळच्याच एटोबिकोच्या आमच्यातल्या एका बाईंना भामट्यांचा अस्साच फोन आला होता, नातवाचा हुबेहूब आवाज काढून. आधी आजाराचं सांगतात, मग खोदून खोदून माहिती काढतात. शेलीने मला तंबीच देऊन ठेवली होती. आणि हा मोदू! मी म्हटलं, एलीला फोन दे. तो म्हणाला, तो बोलू शकत नाही. मी फोन ठेवून दिला.

ठेवला तो लगेच कोक्विटलामला लावला. शेलीला उठवलं. तिकडे घड्याळ तीन तास मागे, अजून उजाडलंही नव्हतं. ती म्हणाली, "मॉम, डोन्ट टेल देम एनिथिंग." फक्त एलीलाच माहीत असेल असं काहीतरी विचार, म्हणाली. मी म्हटलं, अगं, तो बेशुद्ध असेल तर कोण सांगणार? मग एलीबरोबर एका घरात राहणाऱ्यालाच ठाऊक असेल असं काय, ते मी शोधायला लागले.

मी फोन लावायच्या आतच त्याचा परत आला. मी त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, एली घरी काय गुणगुणतो? बाजारात वाजवतो ते नको, तुझ्या घरी, झोपताना. ते म्हणून दाखव.

पलीकडे माणसांची ये-जा ऐकू येत होती, कोणीतरी खोकत होतं. मोदू गुणगुणायला लागला. आवाज जाडा, पण चाल सासऱ्यांचीच. समुद्र खवळला, योनाला बोटीतून टाकला, मासा आला, माशाने आ वासला... आणि तो थांबला.

थांबला तो थांबलाच. पुढे सूरही नाही आणि शब्दही नाही. लाइन गेली की काय म्हणून मी फोन कानावर दाबला. आणि माझी जीभ, इतक्या वर्षांची सवय, आपोआप टाळूला लागली. टक.

पलीकडे त्याने मोठ्याने श्वास सोडला.

"ओके, मदर," तो म्हणाला. "आता सांगा. कुठलं औषध?"

मी सांगितलं. सल्फा. तीनतीनदा सांगितलं, अक्षरं फोडून सांगितलं. तो फोन तसाच चालू ठेवून धावला. त्याची पावलं, मग फ्रेंचमधली वादावादी, मग एका बाईचा आवाज, सल्फा, सल्फा. मग तो परत आला आणि म्हणाला की चिठ्ठीवर तेच लिहिलेलं होतं, खोडलं, आता दुसरं आणताहेत. मी तिथेच सिंकला टेकून रडले. माशाचे खवले गालाला लागले होते, त्याचंही भान नव्हतं.

रडून झाल्यावर मला राग आला. मी त्याला विचारलं, माझा मुलगा तिथे पडलाय आणि तू मध्येच थांबून माझी परीक्षा घेत होतास?

"तुम्ही फोन ठेवलात," मोदू म्हणाला. "मुलगा आजारी आहे असं ऐकून कुठली आई फोन ठेवते? मला वाटलं, नंबर चुकला. भलत्याच बाईने भलतंच औषध सांगितलं असतं तर?"

मी नळ सोडला आणि गालावरचे खवले धुतले.

एली बरा झाला. बारीक आवाजात "आई, आय ॲम ओके" म्हणाला, तेव्हा मी त्याला आधी भरपूर बोलून घेतलं. परत कधी येतोस विचारलं, तर म्हणे बघू. अजून डकारलाच आहे, मोदूच्या घरी, आणि संध्याकाळी दोघं मिळून वाजवतात.

शुक्रवारचा फोन अजून मोदूच्याच नंबरवरून येतो. मात्र आधी मोदू बोलतो. बोलतो कसला, गुणगुणतो. मासा आ वासतो तिथे येऊन थांबतो. मी टक केल्याशिवाय एलीच्या हातात फोन देत नाही. एकदा मी म्हटलं, अरे, आता तरी मला ओळखतोस ना? तरी थांबूनच राहिला.

इतका संशयी माणूस मी जन्मात पाहिला नाही मेला.