दुधासारखी पांढरी मच्छरदाणी

“ओकली! सिस्टर, सगळी गोळी बाहेर आली!”

रुग्णालयाच्या धुलाईघरात अकरा वर्षे चादरी धुणारी ती माता आज त्यातल्याच एका चादरीवर, तीन वर्षांच्या ठकूला मांडीवर घेऊन बसली होती. दोन महिन्यांतला हा दुसरा मलेरिया. पोरीचे अंग तव्यासारखे तापले होते.

वयस्क परिचारिका लगबगीने आली. “घाबरू नकोस. अर्ध्या तासाच्या आत ओकली, म्हणजे पूर्ण गोळी पुन्हा द्यायची. पण हीसुद्धा टिकली नाही, तर औषध शिरेतून द्यावं लागेल. आणि सकाळपासून हिची शीर काही सापडत नाहीये.”

खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या सासूबाईंना राहवेना. “हिचं सगळं जगावेगळं! पिंपं झाकते, डबकी बुजवते, दिवस मावळला की पोरीला जाळीत कोंडते. आणि डासानं गाठलं ते आमच्याच घराला!”

“मच्छरदाणी फाटलीय का गं?” गोळी पाण्यात विरघळवीत परिचारिकेने विचारले.

“फाटेल कशी? दर रविवारी सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालते, कडक उन्हात वाळवते. दुधासारखी पांढरी ठेवलीय, येऊन बघा.”

परिचारिकेच्या हातातला चमचा थबकला.

“अगं, आम्ही दिली ती निळी होती.”

परिचारिकेने आवाज खाली आणला. “त्या धाग्यातच डास मारायचं औषध असतं, बाळ. ती क्वचितच धुवायची. गार पाण्यात, साध्या साबणानं, आणि वाळवायची सावलीत. औषध गेलं, की झोपेत पोरीचा हात जाळीला टेकला तरी डास बाहेरूनच चावतो.”

स्वच्छता हेच जिचे आयुष्यभराचे व्रत, तिने आपल्या सोड्याने भेगाळलेल्या तळव्यांकडे पाहिले. “म्हणजे मीच…”

“तू एकटी कुठं?” सासूबाई एकदम म्हणाल्या. त्यांचा स्वर पार बदलला होता. “उन्हात वाळत तर मीच घालत होते. पांढरी झाली म्हणून शेजारणीला कौतुकानं दाखवलीसुद्धा.”

ठकूने तोंड वेडेवाकडे करीत औषध गिळले. परिचारिकेने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखविले आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

मातेने दोन्ही तळवे जोडून लेकीच्या हनुवटीखाली ओंजळ धरली. दहाव्या मिनिटाला ठकूला उमासा आला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. उमासा विरला. विसाव्या मिनिटाला पोरीने “पाणी” म्हटले, आणि दोन चमचे पाणी पोटात राहिले. पुढे तिचा डोळा लागला. श्वास मात्र अजून उष्णच होता.

“झाला अर्धा तास,” परिचारिका परत येऊन म्हणाली. “गोळी टिकली. खाली घे आता हात.”

मातेने मान हलविली. ओंजळ मात्र तशीच राहिली.