बिडाची जाळी

एकोणीसशे त्रेसष्ट साली अकोल्यात वेल्डिंगचा कोर्स केलेली माणसं मोजकीच होती, आणि देवमन तायडे ती मोजायला सुरुवात स्वतःपासून करायचा. सर्टिफिकेट त्याने दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर टांगलं होतं. त्यामुळे कौशल्याबाईंच्या खानावळीतल्या भट्टीची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाळी मधोमध तुटली, तेव्हा त्या सरळ त्याच्याकडेच आल्या.

"बीड जुडते का रे तुह्याच्यानं?"

"मावशी, दहा मिनिटं बसा."

दहाव्या मिनिटाला जाळी जोडलेली होती. मावशींचा खोळंबा नको म्हणून त्याने तापल्या जोडावर बादलीभर पाणी ओतलं. टण्ण! दोनाचे तीन तुकडे झाले. त्याआधी जोडताना उडालेल्या ठिणगीने त्याची डावी भुवईही अर्धी खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी तुकडे गोणपाटात बांधून तो एस.टी.ने अमरावतीला गेला. तिथे कापसाच्या एका जिनिंग कारखान्यातले नत्थुजी मिस्त्री बिडाचं काम करतात, असं त्याने ऐकलं होतं. आपण खानावळीचा माणूस आहोत, असं सांगून त्याने तुकडे पुढे ठेवले.

"ही कोन्या बैताडानं जोडली होती?"

"हाय एक अकोल्याचा."

"थंडं बीड जोडलं, वरून पानी ओतलं. डोस्कं हाय का त्याले?"

"डोस्कं कुठचं! लय फुशारक्या मारते. कोनाले इचारनं म्हनजे त्याले कमीपना वाटते." बोलता बोलता देवमनला रंगच चढला. त्या माणसाची इतकी आतली माहिती दुसऱ्या कोणाकडे असणार?

नत्थुजी त्याच्या भुवईकडे बघत होते. "मंग त्या बैताडाले म्हना, कोळसे पेटव."

देवमनचे कान तापले. त्याने भाता हाती घेतला. आधी जाळी लाल होईस्तोवर तापवली. मग बोटभर जोडायचं, थांबायचं, पुन्हा बोटभर. शेवटी सगळी जाळी हळूहळू निवावी म्हणून गरम राखेत पुरली. "हात लावू नको," असं नत्थुजींनी बजावूनही त्याने दोनदा राख उकरून पाहिली आणि दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या. सकाळी जाळी निघाली ती अखंड, जरा वाकडी.

दुपारी अकोल्यात कौशल्याबाईंनी ती भट्टीत बसवली. एक कोपरा डुगडुगत होता. देवमनने खाली खापराचा तुकडा सारला.

"काम मजबूत केलं रे. कुठं शिकला?"

"अमरावतीले," देवमन म्हणाला. "काल."