चौथा कोपरा

काँक्रीटची गाडी फाटकाशी घुरघुरत होती. ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, गॅरेजच्या पायासाठी खणलेल्या कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून फळ्या ठोकत होते. माती तपासणं हे माझं रोजचं काम. ताईने फारच आग्रह केला म्हणून मी आले होते.

काठावरून मी खड्ड्याच्या तळात लांब सळई खुपसून पाहिली. तीन कोपऱ्यांत ती वीतभर जाऊन मुरमाला अडली. चौथ्यात, भावोजींच्या पायाशी, ती हातभर गेली तरी कशाला टेकेना. बाहेर काढली तर टोकाला काळा चिखल आणि विटांचा चुरा.

“भावोजी, वर या. इथे काहीतरी बुजवलंय.”

“झालं तुझं सुरू! दोनच फळ्या राहिल्यात.”

“अहो, ती सांगतेय ना, या वर!” ताई किंचाळली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

कुरकुरत त्यांनी माझा हात धरला आणि काठावर पाय ठेवला. त्याच क्षणी मागची जमीन धपकन खचली आणि फळ्या दिसेनाशा झाल्या. खाली जुन्या विहिरीचं दगडी कडं उघडं पडलं.

बऱ्याच वेळाने भावोजींनी माझा हात सोडला आणि स्वतः फाटकाशी जाऊन गाडी परत पाठवली.