पाण्यात ठेवलेला दगड

एलिया मिस्त्री नगरात खडे घासायचा. हात असा, की जोहरी त्याच्या नावावर माल खपवायचे. आणि जीभ अशी, की एका वाक्यात त्यानं स्वतःचं घर रिकामं केलं होतं. आईविना वाढवलेली एकुलती पोर, दया. ती जामखेडकडच्या छगनशी लग्न करते म्हणाली, तेव्हा हा म्हणाला, "जा. पण परत या घरात प्यायला पाणी मागायलासुद्धा येऊ नकोस." दयाही बापाचीच लेक. चार वर्षं झाली, उंबऱ्याला पाय लावला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात जामखेडच्या बाजूला सरकारी कामं निघाली. बायाबापड्या खडी फोडायला बसल्या. काळा दगड फुटला की पोटातून गारगोट्या निघत, आणि क्वचित एखादा दुधी ओपल, अंगठीत बसवण्याजोगा दगड. एलिया दर शनिवारी एसटीनं तिकडे जायला लागला. माल चांगला मिळतो, असं शेजाऱ्यांना सांगायचा. माल कसला डोंबलाचा! बाभळीखाली बसून तो दगड बघायचा कमी आणि फडकी बांधलेले चेहरे न्याहाळायचा जास्त. दया कुठल्या कामावर आहे एवढं विचारायला मात्र तोंड उघडत नव्हतं.

बाया दगडांना तेल चोळून आणत, चमकावेत म्हणून. एलिया दगडाला जीभ लावायचा आणि तेलाची चव लागली की परत करायचा. ओपलच्या पोटात पाणी असतं. जमिनीतून निघून तो उन्हात एकदम वाळला, की आतून तडकतो. मग तेल चोळा नाहीतर तूप, त्याचा खडा होत नाही.

एका शनिवारी राहीबाई नावाची म्हातारी मजूर त्याच्यापुढे डालड्याचा डबा घेऊन बसली. डब्यात पाणी होतं आणि पाण्यात मुठीएवढा दगड. एलियानं तो वर काढून सूर्याकडे धरला. पांढऱ्या दुधात हिरवी-तांबूस झाक हलली. कुठंही तडा नव्हता.

"ह्यो पान्यात कोनी ठिवला?" त्यानं विचारलं. नगरचं बोलणं तोंडातून कुठल्याकुठं पळालं होतं.

"हाय एक पोरगी. नाव सांगू नगं म्हनली," राहीबाई म्हणाली. "पंधरा दिस झालं, सोताच्या वाट्याच्या पान्यातनं घालती. आमी लई हसतो तिला. मानसाला प्याया न्हाई अन् ही दगडाला पाजती!"

एलियानं दगड पुन्हा पाण्यात सोडला. पाण्यातला दगड उघडा पडू द्यायचा नाही, रोज पाणी बदलायचं, हे काम त्याच्या घरी सात वर्षांची दया करायची, बरणीशी उभी राहून, टाचा उंचावून. ती समोरच्याच ढिगाऱ्यांत कुठंतरी बसली होती. वीस पावलं चालला असता तर सापडली असती. पण नाही उठला. हट्टाला औषध नाही! दगडाचे पैसे राहीबाईच्या हातावर ठेवून त्यानं एसटी पकडली.

घरी त्यानं दगड पाण्याच्या धारेखाली चिरून दोन भाग केले. एक परत बरणीत ठेवला. दुसरा आधी ओल्या वाळूत, मग सावलीत, असा महिनाभर सावकाश वाळवला. लाखेनं काडीवर बसवून, चाकावर पाणी सोडत घुमटासारखा घासला, चामड्यावर झिलई दिली. इतका सुंदर खडा त्याच्या हातून कधी उतरला नव्हता. दाखवायला घरात कोणी नाही, याचं त्याला रडू आलं.

खडा तयार झाल्यावरच्या शनिवारी तो राहीबाईला म्हणाला, "हा तिला दे. जोडीतला दुसरा अजून पान्यात हाय म्हनावं. रोज पानी बदलायचं मी इसरतो."

खोटं होतं. एक दिवस विसरला नव्हता. पण त्या दिवसापासून त्यानं खरंच बरणीला हात लावला नाही. ऊन मरणाचं होतं; पाणी बोट बोट उतरत गेलं. दाराला तो आता कडी लावत नव्हता. बरणीकडे बघून जीव तुटायचा, तांब्या उचलायचा आणि परत ठेवायचा. तिसऱ्या रविवारी ख्रिस्ती देवळात उपासनेला निघाला, तेव्हा दगडाचा माथा पाण्याला टेकला होता. दुपारपर्यंत उघडा पडणार होता. एलिया तसाच निघाला. उपदेशातलं अक्षरही त्याच्या कानात शिरलं नाही.

परत आला तेव्हा दार लोटलेलं होतं. बरणी काठोकाठ भरलेली होती. पाणी अजून हलत होतं.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. एलिया आत गेला नाही. चाकापाशी, आपल्या जागेवर तो बसला. चार वर्षांत किती वाक्यं घोकून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"दया," तो म्हणाला, "मला प्यायला पाणी दे गं."