दवाखान्यात शिरलेला डाव

वाईट ठरलेली सवय सोडवता येते. चांगली चाललेली सवय सोडवणं महाकठीण! दातांच्या डॉक्टरांचं अगदी तसंच झालं होतं. पोकर खेळून ते कफल्लक झाले असते, तर घरच्यांनी कान धरला असता, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उपदेशाचे डोस पाजले असते. पण डॉक्टर हरत नव्हते. मग बोलणार कोण आणि कुठल्या तोंडाने?

खेळ तसा सोपा. आपले पत्ते झाकायचे, चेहरा दगडासारखा ठेवायचा आणि समोरचा थाप मारतोय की खरोखर भारी पत्ते घेऊन बसलाय, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. यात डॉक्टर पटाईत होते. क्लबात तर खेळतच, शिवाय एक पेशंट गेला आणि दुसरा यायचा असला की मधल्या वेळात फोनवर डाव मांडत. पुढच्या महिन्यापासून शनिवारी दवाखाना बंद ठेवून दिवसभर क्लबात बसायचं, हेही त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

त्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "डोकं फार दुखतंय रे. बाजारात आज तू जातोस का?"

डॉक्टर तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

"असा काय बघतोस? मी बायको आहे तुझी, समोरचा खेळाडू नाही!" ती म्हणाली आणि स्वतःच पिशवी घेऊन निघाली. डॉक्टरांना ते लागलं नाही. उलट आपली नजर पक्की होत चालली आहे, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

दुपारी मावशी आली. ही त्यांच्या आईची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही आणि मनात काही ठेवायची सवय नाही. लहानपणी डॉक्टरांना पत्ते पिसायला तिनेच शिकवलं होतं. आज मात्र ती गाल धरून आली होती. दाढ किडली होती, रूट कॅनालशिवाय गत्यंतर नव्हतं.

"आ कर. दुखलं तर नुसता हात वर कर, मी लगेच थांबतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हिरडीत बधिर करायची सुई दिली, थोडा वेळ जाऊ दिला आणि ड्रिल सुरू केलं.

लगेचच मावशीचा हात वर गेला. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. पापण्या फडफडत होत्या, घसा हलत होता. पत्त्यांत थाप मारताना मावशी असाच आवंढा गिळायची! उगाच घाबरली आहे, दुसरं काही नाही, असं डॉक्टरांनी ताडलं.

"झालंच गं, एवढंसं राहिलंय."

हात पुन्हा वर गेला. ड्रिल चालूच राहिलं. मग मावशीने त्यांचं मनगटच पकडलं आणि ती अशी कळवळली की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले.

सुई नीट लागलीच नव्हती. दाढ पुरती जागी होती!

"डॉक्टर, त्यांनी दोनदा हात वर केला होता," मदतनीस बाई हळूच म्हणाल्या.

"दिसला होता मला," डॉक्टर बोलून गेले, आणि बोलताक्षणी शरमेने त्यांचे कान तापले. न दिसल्याची माफी मागता येते. दिसून मानलं नाही, त्याचं काय करायचं?

त्यांनी दुसरी सुई दिली. दाढ बधिर होईपर्यंत थांबणं भाग होतं. मावशीने डोळे पुसले.

"दिसला होता, मग थांबला का नाहीस?"

"मला वाटलं, तू थाप मारतेयस."

"थाप? अरे, दाढेला भोक पाडून घेताना कोण थाप मारतं?" तिचा अर्धा ओठ जड झाला होता, पण जीभ शाबूत होती. "तो पोकर ना? तुझी बायको परवाच म्हणत होती, हल्ली हा माझ्याकडे बघतो की माझे पत्ते बघतो, तेच कळत नाही."

"मी हरत नाही गं मावशी. कोणाचं काही बुडवत नाही."

"पैशांचं बोलतंय कोण? त्या टेबलावर सगळे फसवायचं ठरवूनच बसतात, म्हणून तिथे संशय घेणं हे शहाणपण. इथे माणूस तोंड उघडून आडवा पडतो. बोलायचीसुद्धा सोय नाही त्याला! एक हात तेवढा उरतो. तोही तुला खोटा वाटला, तर त्याने जायचं कुठे?"

डॉक्टरांना एकेक चेहरा आठवू लागला. गेल्या आठवड्यात "खरंच एवढं दुखतंय का?" असं त्यांनी किती जणांना विचारलं होतं! सकाळी बायकोलाही त्यांनी शब्दांनी नाही, पण डोळ्यांनी तेच विचारलं होतं.

"मग सोडून देऊ?"

"मी कुठे तसं म्हटलं? मलाही पत्ते आवडतात की! पण पोकरने तुझ्या आयुष्यात किती जागा घ्यायची, हे तू ठरव. तू नाही ठरवलंस, तर तो आपला आपण पसरत जाईल."

डॉक्टर उठले. त्यांनी फोनमधला पोकर काढून टाकला आणि क्लबातल्या मित्राला तिथूनच फोन लावला.

"शनिवारचं रद्द. दवाखाना उघडा राहणार. आता महिन्यातून एकच संध्याकाळ खेळेन, तीही बायकोला विचारून."

पलीकडून हसण्याचा गडगडाट झाला. "थापा मारतोस!"

"नाही रे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "हे खरं आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

मग ते मावशीकडे वळले. "उरलेलं काम दुसऱ्या डॉक्टरकडून करून घेणार असशील, तर मी स्वतः घेऊन जातो तुला. मला राग येणार नाही."

मावशीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. गालाला बोट लावून बधिरपणा जोखला. डोळ्यांतली भीती अजून पुरती गेली नव्हती. तरी तिने डोकं मागे टेकवलं आणि तोंड उघडलं.

वाचकहो, खेळ जरूर खेळा, जिंका, मजा करा! पण खेळातला संशय खेळाबरोबरच संपू द्या. घरातली आणि कामावरची माणसं आपल्याशी डाव खेळत नसतात. ती आपल्यावर विश्वास टाकून बसलेली असतात. तो विश्वास एकदा हरलो, की कितीही डाव जिंकून तो परत मिळत नाही. डॉक्टरांना तो परत मिळाला, कारण मावशीने तो दिला.