रत्नमालाबाईची सोलो कॅसेट

विहिणीला शिव्या द्यायच्याच असतील तर गाण्यातून द्याव्या, बोलण्यातून दिल्या तर लग्न मोडतं. हे शहाणपण रत्नमालाबाईला वयाच्या अकराव्या वर्षी भंडाऱ्याकडे तिच्या आत्यानं दिलं होतं. शाळेनं दिलेलं बाकी सगळं ती विसरली, एवढं मात्र टिकलं. मुलाच्या आईला पंगतीत मानानं पाटावर बसवायचं, तिचं ताट भरायचं, आणि ताट भरता भरता मुलीकडच्या बायांनी गाण्यातून तिची अब्रू रिकामी करायची. विहिणीनं हसत हसत जेवायचं. जी रुसली ती हरली.

नवऱ्याच्या मागं भिलाईत आल्यापासून चाळीस वर्षं रत्नमालाबाईनं हेच केलं. नवरा प्लांटमध्ये लोखंड तापवायचा आणि बायको मांडवात विहिणी. प्लांटच्या वसाहतीतला सेक्टर असो, बाहेरची कॅम्पाची वस्ती असो, मराठी मांडव पडला की तिला बोलावणं ठरलेलं. ती पुढं बसून ओळ फेकायची आणि मागून शेजारची दामिनी चार बाया घेऊन 'असं कसं वो विहीणबाई, असं कसं!' उचलायची. पुढं रत्नमाला, मागं दामिनी. हा क्रम कोणी ठरवला, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. रत्नमालाबाईच्या तर नाहीच नाही.

मग मांडवाचे झाले हॉल, पंगतीचा झाला बुफे आणि बोलावण्याची झाली नुसती पत्रिका. तरी रत्नमालाबाई आशा सोडणाऱ्यातली नव्हती. सेक्टर दहाच्या रमाच्या पोरीचं, प्रांजलीचं लग्न निघालं. रमा म्हणजे सख्ख्या बहिणीची लेक. इथं तरी कोण अडवणार?

रमानं हुडको कॉलनीत मावशीच्या घरी येऊन कुंकू लावलं, पत्रिका दिली आणि पदर सावरत म्हणाली, "मावशी, गाण्याचं मात्र यंदा जमत नाही वो. इव्हेंटवाले म्हणतात, लाइव्ह माइक कोणालेच द्यायचा नाही. सगळं रेकॉर्डवर हाय. तुमची रेकॉर्डिंग असती तर वाजवलीच असती ना."

'कधी या ना घरी जेवायला' असं म्हणतात, तसं रमा हे म्हणाली होती. म्हणणाऱ्याला भीती नसते, कारण येणारा येत नसतो.

रत्नमालाबाईनं विचारलं, "कदी पायजे?"

"काय, मावशी?"

"रेकॉर्डिंग. लगनाच्या आदल्या दिवशी दिलं तर चालते, का दोन दिस आंदी देऊ?"

रमाचा चहा तसाच राहिला.

नात साक्षी सोफ्यावरूनच म्हणाली, "आजी, मोबाइल में कर देते हैं ना, दो मिनट का काम है."

"मोबाइलवर तं लोकं कुत्र्याची शिंक बी रेकॉर्ड करून राहिले. अल्बम मशीनवर होते."

'अल्बम' हा शब्द तिनं कुठून उचलला कोणास ठाऊक, पण एकदा उचलल्यावर खाली ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी कॅम्पातल्या बाबुलालला बोलावणं गेलं. बाबुलालचा एके काळी ऑर्केस्ट्रा होता. ऑर्केस्ट्रातले गायक मेले, वादक पोरांकडे पुण्याला गेले, आणि बाबुलालकडे उरलं चार ट्रॅकचं एक कॅसेट मशीन, एक माइक आणि कानाला लावायचे डबे. ते सगळं तो आंब्याच्या पेटीत घालून स्कूटरवर घेऊन आला.

"मशीन जुनं हाय, बाई," त्यानं आधीच सांगून टाकलं. "आतला रबरी पट्टा ढिला झाला, तं दुसऱ्या टेपचा लावला."

"जुनं हाय म्हणून तं बलावलं. नवं कोणीबी आणते."

बातमी भिंतीपलीकडे गेलीच होती. दामिनी इस्त्रीचं पातळ नेसून, केसात फूल घालून दारात उभी. "कुठं बसू वो?"

"दामिनी, हे सोलो होय."

"म्हंजे?"

"म्हंजे एकटीचं. आजकाल सोलोच चालते."

दामिनीनं मशीनकडे पाहिलं, मग रत्नमालाकडे. "मंग मागून कोण उचलते?"

"मीच."

"बरं," दामिनी म्हणाली. "चाय तरी पाजशील, का तेबी सोलोच पिशील?"

चहा मिळाला. तो उभ्यानं पिऊन ती गेली. फूल मात्र दारातच काढून तुळशीत टाकून गेली.

मे महिना होता. भरदुपारी गल्ली झोपते, म्हणून वेळ दोनची ठरली. खिडक्या लावल्या, भिंतींना रजया टांगल्या. कूलर बंद केला, कारण माइकला तो पावसासारखा ऐकू येत होता. पंखा बंद केला, कारण तो कुरकुरत होता. घरातल्या माणसांना कुरकुरायची बंदी आधीच होती. त्या खोलीत रत्नमालाबाई नऊवार नेसून, नथ घालून बसली. माइकला नथ दिसत नाही, हे तिला सांगायची बाबुलालची हिंमत झाली नाही.

पहिला दिवस कुकरच्या शिट्टीत गेला. दुसऱ्या दिवशी ऐन कडव्यात गल्लीत आंबेवाला ओरडला आणि रत्नमालाबाईनं त्याला जे उत्तर दिलं ते अल्बममधल्या सगळ्या शिव्यांपेक्षा चांगलं निघालं. बाबुलालला ते पुसावं लागलं, त्याचं त्याला दुःख झालं. तिसऱ्या दिवशी ओळी लागल्या:

विहीण आली तोऱ्यात, बसली पहिल्या पाटावर,
वाढा वाढा म्हणता म्हणता, हात मारला ताटावर!

मग बाबुलालनं मशीनची करामत समजावली. "हे तुमचं गाणं एका ट्रॅकवर झालं. आता हे कानात आयकाचं अन् दुसऱ्या ट्रॅकवर मागचं म्हणाचं. तुमीच पुढं, तुमीच मागं."

रत्नमालाबाईनं कानाला डबे लावले आणि स्वतःच्या मागं बसून गायला लागली. दोन ओळीत थांबली. "ही पुढची लय घाई करते. मले उचलूच देत नाई."

"ते तुमीच होय, बाई."

"असंल. पण हिले सांग, मागचीले बी श्वास घ्या लागते."

चार दिवस रत्नमाला रत्नमालाशी भांडली. पुढची म्हणायची मागची ढिली आहे, मागची म्हणायची पुढची कोणाचं ऐकत नाही. दोघींचंही खरं होतं. शेवटी सहा गाणी झाली. बाबुलालनं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मशीनचं तोंड पुसलं, कॅसेट मागं फिरवली आणि मोठ्या स्पीकरवर लावली.

खोलीत एक म्हातारी गाऊ लागली. तिचा आवाज वरच्या सुराला जाऊन तडकत होता, ओळीच्या शेवटी धापत होता, आणि तिच्या मागं दुसरी एक म्हातारी तशीच धापत 'असं कसं' म्हणत होती.

रत्नमालाबाईनं कडवं पुरं होऊ दिलं. मग हळूच विचारलं, "बाबुलाल, ह्या कोण म्हाताऱ्या आणून बसवल्या?"

बाबुलालनं तीस वर्षं गायक सांभाळले होते. खरं बोललेला साउंडवाला दुसऱ्या दिवशी दिसत नाही, हे त्याला पाठ होतं. तो म्हणाला, "मशीन थंडं हाय, बाई. तापू द्या."

पंचेचाळीस डिग्रीच्या खोलीत त्यानं पाच मिनिटं मशीन तापू दिलं. मशीनच्या कोपऱ्यात एक गोल खुंटी होती. ती फिरवली की फीत जोरात पळते आणि आवाज चढतो, बारीक होतो. बाबुलालनं घाम पुसायच्या निमित्तानं वाकून ती खुंटी फिरवली.

स्पीकरमधून अठरा वर्षांची एक पोरगी विहिणीची टर उडवायला लागली. आवाज कसा, नव्या घागरीवर बोट मारावं तसा. मागची पोरगीही तशीच.

"हां!" रत्नमालाबाई मांडीवर थाप मारून म्हणाली. "आता तापलं!"

बाबुलालनं खुंटी तशीच ठेवून गाणी दुसऱ्या कॅसेटवर उतरवली, आणि हुडकोच्या बाजारात एका दुकानदारानं ती पेन ड्राइव्हवर घालून दिली. त्यानं विचारलं, "सिंगर का नाम क्या डालूँ, माताजी?"

"काई टाकू नोको. माह्या आवाजावरच माहं नाव लिवलं हाय. भिलाईत कोण वळखत नाई?"

लग्नाच्या दिवशी रत्नमालाबाई हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसली, मानेला बाक न देता. विहीण होती रायपूरची आम्रपालीबाई. सोनेरी काड्यांचा काळा चष्मा, हॉलच्या आतसुद्धा. तिला सजवलेल्या टेबलाशी बसवलं, ताट आलं, आणि दिलेला शब्द गळ्याशी आलेल्या रमानं इव्हेंटवाल्याला खूण केली.

गाणं वाजलं आणि हॉल थांबला. बुफेच्या रांगेतली माणसं प्लेट घेऊन मागं फिरली. तरुण पोरी फोन वर करून नाचू लागल्या. "ये कौन गा रही है यार? क्या वॉइस है!" आम्रपालीबाईसुद्धा चमच्यानं ताल धरून हसत होती. गाणं कोणत्यातरी विहिणीबद्दल होतं, तिच्याबद्दल थोडंच होतं.

इव्हेंटवाला धावत आला. "इनका नंबर मिलेगा? अगले महीने तीन शादियाँ हैं."

रत्नमालाबाई उठून उभी राहिली. "मीच होय ते."

"अच्छा, अच्छा, माताजी," तो हसला, आणि तिला उभं राहावं लागू नये म्हणून हातवाली खुर्ची मागवली.

रमा आली, डोळे पुसत. "मावशी, किती गोड पोरगी शोधली वो! कोण होय?"

"रमे, मी होय. मी गायलं."

"हो ना, गाणी तुमचीच," रमानं तिचा हात थोपटला. "पण आवाज कोणाचा?"

बाबुलाल लग्नाला नव्हता. असता तरी खुंटीची गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला साक्ष देता आली नसती. भरल्या हॉलमध्ये तिचा अल्बम गाजत होता आणि गाजवणारी कोणी दुसरीच होती. तिचा आवाज ओळखणारं एकच माणूस तिथं होतं, आणि ते जिलेबी खात होतं.

"दामिनी, सांग ना वो ह्या लोकायले."

"काय सांगू?"

"मीच होय म्हणून."

"मले काय मालूम? मी कुठं होती तिथं? सोलो होतं ना ते." दामिनीनं जिलेबीचा तुकडा मोडला.

"तू माहा आवाज वळखतं, दामिनी. चाळीस वर्सं मागं बसली."

"तुहा वळखतो. हा तुहा नाई. हा तं उंदराच्या पिल्लाचा हाय."

रत्नमालाबाईला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याआधी, का कोणास ठाऊक, हायसं वाटलं.

"मंग आता काय करू?" तिनं विचारलं. चाळीस वर्षांत तिनं दामिनीला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

दामिनीनं बोटं पुसली. "म्हण. मी उचलतो."

माइक कोणी दिला नाही, मागितलाही नाही. रेकॉर्डवरचं तिसरं गाणं संपून चौथं सुरू व्हायच्या मधल्या फटीत रत्नमालाबाई विहिणीच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. आम्रपालीबाईचं ताट तिनं आल्यापासून वाचलं होतं. 'मैं तो डाएट पर हूँ' असं विहिणीनं वाढणाऱ्याला तीनदा सांगितलं होतं. रत्नमालाबाईनं आवाज लावला. तो तडकला. तडकलेलाच पुढं नेला:

डाएट डाएट म्हणते विहीण, खाते नुसती काकडी,
काकडीखाली गुलाबजाम, चाल विहिणीची वाकडी!

"असं कसं वो विहीणबाई, असं कसं!" मागून दामिनीनं उचललं, आणि कुठून कुठून कॅम्पातल्या, सेक्टरातल्या सात-आठ म्हाताऱ्या बायांनी तोंडातला घास गिळून साथ धरली.

सगळा हॉल मान लांब करून ताटाकडे पाहू लागला. काकडीच्या चकत्यांखाली चार गुलाबजाम होते. नवरदेव स्वतःच्या आईकडे पाहून खुर्चीत मागं पडेपर्यंत हसला. आम्रपालीबाईचा चष्मा नाकावरून घसरला.

"वो रिकॉर्डवाली लड़की अच्छी थी," ती लाल होऊन म्हणाली. "उसमें मैनर्स थे."

रत्नमालाबाईला आयुष्यात एवढी मोठी शाबासकी कोणी दिली नव्हती. तिनं दुसरं कडवं चष्म्यावर केलं, तिसरं रायपूरवर. धाप लागली की थांबायची, आणि थांबली की दामिनी सावकाश, तिला पुरेल एवढं 'असं कसं' ताणायची. इव्हेंटवाल्यानं चौथं गाणं वाजवायचा दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी खुद्द नवरीच्या बापानं जाऊन वायरच काढली.

तरी जाताना लोक काय म्हणाले? "आजी, मस्त! पण ती पोरगी आणखी सुरात होती हं."

पुढच्या आठवड्यात पाच फोन आले. चार त्या पोरीसाठी. पाचवा दुर्गहून एका नवरीच्या आईचा. तिला पोरगी नको होती. तिची विहीण फार शहाणी होती, आणि तिला ती गुलाबजामवाली बाई हवी होती, माइकशिवाय चालेल. रत्नमालाबाईनं तारीख घेतली, आणि "आमी दोघी येतो" म्हणाली.

उरलेले चौघं पिच्छा सोडेनात. पोरगी कुठं राहते, काय घेते, फोटो आहे का. रत्नमालाबाईनं खरं सांगून पाहिलं, कोणी ऐकेना. शेवटी एके दुपारी तिनं फोन उचलला, घसा खाकरला, आणि त्या पोरीचा एकदाचा निकाल लावला.

"ते पोरगी होय का? तिचं लगन झालं, बाप्पा. सासरच्याइनं गाणं बंद केलं."

चौघांनीही ते लगेच मानलं. एकदोघं 'अरेरे' म्हणाले, एक बाई म्हणाली, 'असंच असतं'. पोरगी कोणत्या गावी दिली, हे मात्र एकानंही विचारलं नाही.